अपुऱ्या दिवसांची बाळं (भाग ६) : वय कुठून मोजायचं?

या आठवड्यात बेरा, म्हणजे कानांची तपासणी घ्यायची होती. ती आता पुढच्या भागात. नोएडाहून एका आजींचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर आधी द्यायला हवं. त्या लिहितात, “नातू तिसाव्या आठवड्यात झाला. आता पाच महिन्यांचा आहे, पण पालथा पडत नाही. काळजी करू का?”

आजी, पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे. नातू १० आठवडे आधी आला. पाच महिने म्हणजे साधारण २२ आठवडे. त्यातून १० वजा करा, उरले १२. वाढीच्या हिशेबात तो जेमतेम तीन महिन्यांचा आहे. तीन महिन्यांचं बाळ पालथं पडत नाही म्हणून कुणी घाबरत नाही. डॉक्टर याला ‘करेक्टेड एज’ म्हणतात. मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं हे सगळं दोन वर्षांपर्यंत याच वयाने बघायचं.

पण सरसकट सगळीकडे हे वय लावू नका. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही तशीच. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत बघून घ्यायचा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाचं बाळ असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. मेवात, अलीगढकडची कितीतरी बाळं दिल्लीतून घरी जातात आणि ‘जरा बाळसं धरू दे, मग दाखवू’ यात तो महिना निघून जातो. वेळेत सापडलेला आरओपी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजार, लेझरने आटोक्यात येतो. उशीर झाला, तर पडदा सुटून दृष्टी कायमची जाऊ शकते.

आता माझ्या आवडीची गोष्ट. करेक्टेड तीन महिन्यांचं बाळ दूध पिऊन, खुशीत, उताणं पडलेलं नीट बघा. मान, खांदे, मनगटं, घोटे यांत सतत बारीक, गोलसर हालचाली चाललेल्या असतात. ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रेख्टल यांनी या हालचालींचं मोल ओळखलं. करेक्टेड तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात त्या दिसल्याच नाहीत, तर सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा असतो. कपडे थोडके ठेवा, खुळखुळा बाजूला करा, वरून तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि प्रशिक्षित डॉक्टरांना दाखवा. निदान त्यांनीच करायचं.

‘अपुऱ्या दिवसांचं आहे, होईल हळूहळू’ हे वाक्य मात्र घरात चालू देऊ नका. करेक्टेड चार महिने झाले तरी मान सावरत नाही, अंगठा मुठीतच दडलेला असतो, एकच हात चालतो, उचलल्यावर पायांची कात्री होते, यातलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. एम्सचं हाय-रिस्क क्लिनिक, कलावती सरन, लोकनायकमधलं बालविकास केंद्र ही दारं दिल्लीतच आहेत. व्यायाम सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही.

आजी, आज डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर जन्मतारखेशेजारी डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीखही ठळक लिहून ठेवा. प्रत्येक भेटीत दोन्ही दाखवा.