शंभरावरचा एक पैसा

दोन सर्व्हर एकमेकांना बदल कळवताना फेऱ्यात कसे सापडतात, ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या भागात. मधल्या काळात एका वाचकाचा प्रश्न आला, आणि त्याने माझे दोन दिवस आनंदात घेतले.

हे वाचक एका दुकानासाठी पोस्टग्रेसवर हिशेब बसवताहेत. ‘माल’ टेबलात करापूर्वीची मूळ किंमत, ‘दर’ टेबलात १८ टक्के जीएसटीसकट विक्रीची किंमत. कुठलीही एक बदलली की दुसरी आपोआप बदलावी म्हणून दोन्हीकडे एकेक ट्रिगर. मालाचा ट्रिगर दर लिहितो, दराचा ट्रिगर माल लिहितो, आणि पहिल्याच अपडेटला ‘स्टॅक डेप्थ लिमिट एक्सीडेड’ म्हणत अख्खं ट्रान्झॅक्शन रद्द होतं.

आकडे जुळल्यावर हा फेरा आपोआप का थांबत नाही? कारण तोच आकडा पुन्हा लिहिला तरी पोस्टग्रेसच्या लेखी ते अपडेटच. ‘अपडेट ऑफ किंमत’ असं बजावलं, तरी तो ‘सेट’मध्ये त्या कॉलमचं नाव आहे का एवढंच बघतो. किंमत खरोखर बदलली का, हे तपासणं आपल्यावर आहे.

वाचकांनी आधी ‘पीजी_ट्रिगर_डेप्थ()’ वापरलं. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून हे फंक्शन आहे; आपण ट्रिगरच्या कितव्या पायरीवर आहोत ते सांगतं. थेट आलेल्या अपडेटसाठी ‘व्हेन’ अटीत ते ० देतं, ट्रिगर फंक्शनच्या आत मात्र १. इथे पुष्कळांची गल्लत होते. ‘खोली ० असेल तरच चाल’ म्हटल्यावर फेरा थांबला. पण सणाच्या सवलतीचं टेबल स्वतःच्या ट्रिगरमधून दर बदलू लागलं, तेव्हा खोली १ होती. दराचा ट्रिगर गप्प बसला आणि मूळ किंमत जुनीच राहिली. कुठे त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. खोली मोजून हाक कुणाची आहे ते कळत नाही.

मग त्यांनी मी नेहमी सुचवतो ती अट घातली: जुनी आणि नवी किंमत ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ने ताडून पाहा, फरक असेल तरच पुढे जा. (साधं ‘<>’ इथे नको; एका बाजूला नल आलं की उत्तरही नल येतं आणि ट्रिगर चालतच नाही.) फेरा थांबला. पण दुकानदाराने १०० लिहिले, तर पडद्यावर १००.०१!

कागदावर करून बघा. १०० भागिले १.१८ म्हणजे ८४.७४५७…, पैशापर्यंत ८४.७५. ते मालात गेले. मालाचा ट्रिगर जागा झाला: ८४.७५ गुणिले १.१८ म्हणजे १००.००५, पैशापर्यंत १००.०१. ते दरात गेले. पुन्हा भागाकार, पुन्हा ८४.७५, आता फरक नाही, म्हणून सगळे शांत. अटीने आपलं काम चोख केलं, आणि दुकानदाराने हाताने लिहिलेली किंमत मात्र पुसली गेली. वेष्टनावरची छापील कमाल किंमत सगळ्या करांसकट असते. १०० छापलेल्या वस्तूचे १००.०१ घेता येत नाहीत.

या एका पैशाने मला वर्षानुवर्षं पटलेली गोष्ट पुन्हा दाखवली. एका सत्याला दोन मालक असू नयेत, आणि मालक कोण हे दुकानाच्या व्यवहाराने ठरवावं. इथे मालक आहे करासकटची किंमत. मूळ किंमत तिच्यातून काढायची, ती कुणी हाताने लिहायची नाही. दोन्ही एकाच टेबलात आणता आल्या तर २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून मिळणारा जनरेटेड कॉलम पुरतो. त्याला दुसरं टेबल दिसत नाही, म्हणून कराचा टक्का त्याच ओळीत ठेवा. ते जमत नसेल तर व्ह्यू करा. दोन्ही ट्रिगर काढून टाकता येतात.

तोवर आपल्या डेटाबेसात एकमेकींना लिहिणाऱ्या अशा जोड्या शोधून ठेवा. पुढच्या आठवड्यात हीच जोडी दोन सर्व्हरवर पसरलेली भेटेल.