नखावरचा कापूस

नखाच्या रंगावर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे कित्येकांना वाटेल. परंतु आष्टीच्या बाजारात मिळणारी ती इवलीशी बाटली उघडली, की आत आपल्याच शिवारातला माल निघतो.

नेलपॉलिशचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते कापसाचे किंवा लाकडाच्या लगद्याचे करतात. जिनिंगनंतरही सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, ती नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणात भिजवायची. बाझेलच्या शेनबाइन या रसायनज्ञाने १८४६ साली हे केले, तेव्हा हाती आला बंदुकीचा कापूस, म्हणजे चक्क स्फोटक! नत्राचे प्रमाण जरा कमी राखले, की तोच पदार्थ नखावर चकाकणारा पापुद्रा धरतो. नुसता पापुद्रा ठिसूळ. म्हणून त्यात राळ आणि मऊपणा आणणारे द्रव्य घालतात. वर रंग, चमकीला अभ्रक.

हे सारे पातळ ठेवतात इथिल व ब्यूटिल ॲसिटेट. यातले इथिल ॲसिटेट मळीच्या मद्यार्कापासून होते. कोपरगावजवळ साकरवाडीला त्याचा कारखाना आहे. म्हणजे कापसाच्या जोडीला ऊसही आलाच.

आता रिमूव्हर. तैलरंग हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतो, म्हणून तो पुन्हा सहजी विरघळत नाही. नेलपॉलिशचे तसे नाही. त्यातले द्रावक उडून जाते आणि पापुद्रा मागे राहतो, एवढेच. गुळाच्या वाळलेल्या पाकावर पाणी ओतावे, तसा ॲसिटोनचा बोळा फिरवला की तो पुन्हा पातळ होतो. नखातले पाणी व तेलही मात्र त्याबरोबर जाते.

जी बाई महिन्यातून एकदा नखे रंगवते, तिच्याबद्दल आम्हाला चिंता नाही. दिवसभर दुसऱ्यांची नखे रंगवणाऱ्या मुलीचे काय? मऊपणासाठी पूर्वी सर्रास घातले जाणारे डायब्यूटिल थॅलेट युरोपीय संघाने २००४ साली सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केले, ते प्रजननास अपायकारक म्हणून. जालन्याच्या एका पार्लरमधली मुलगी आम्हाला म्हणाली, "दादा, संध्याकाळी डोकं गरगरतं." खिडक्या गारव्यासाठी बंद. मालकीणबाईंनी छताकडे बोट दाखवले: पंखा आहे की!

पण ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, मेजाशीच रेंगाळते, आणि ठिणगी मिळाली तर पेटते. वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा तो मेजालगत, छताशी नव्हे. खिडकी उघडी हवी, बाटलीचे बूच लावलेले हवे, बोळे झाकणाच्या डब्यात हवेत, आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको. एवढे लेखी मागून घ्या, असे आम्ही त्या मुलीला सांगितले. तिने विचारले, "सही कोणाची करू? आम्ही दोघीच आहोत." आम्ही म्हटले, दोघींची करा.