शेंगोळे आणि पास्ता

हॉटेलात जेवायला जाणे ही आपल्या घरांत आजही मोठी गोष्ट असते. खिशाचा विचार तर असतोच, पण त्याच्या आधी मनात धास्ती असते. काटा-चमचा कसा धरायचा, पदार्थाचे नाव कसे उच्चारायचे, वाढणारा पोरगा हसेल का? ही धास्ती नुसत्या गरिबीतून आलेली नाही. तिच्यामागे इतिहास आहे.

एके काळी गावोगावच्या हॉटेलांत आपल्या माणसांची कपबशी वेगळी असे. ती बाहेर ठेवलेली. चहा वरून ओतला जाई आणि पिणाऱ्यानेच ती विसळून पुन्हा जागेवर ठेवायची. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावीत. महाराज १९२२ साली गेले. त्यानंतर २८ वर्षांनी, १९५० साली, बाबासाहेबांनी घडवलेले संविधान अमलात आले. त्याच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांची दारे सर्वांना उघडली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेवरून हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. तोच कायदा आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो.

दार उघडले, पण आत जाताना पाय अडखळतोच. आमच्या एका मित्राचे तेच झाले. ते नगरच्या एमआयडीसीत फिटर आहेत. त्यांच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. तिचे सामान पोचवायला आम्ही सोबत गेलो होतो. परतताना तिने आग्रहाने एका इटालियन हॉटेलचा पत्ता दिला आणि खर्चाचे पैसेही बापाच्या खिशात कोंबले. दाराशी येताच मित्र म्हणाले, "राव, आपण बाहेर मिसळ खाऊ." आम्ही म्हटले, "पोरीच्या पहिल्या पगाराचे पैसे आहेत. आत चला."

इटालियन म्हणजे पिझ्झा, एवढेच आम्हाला ठाऊक होते. इथे मात्र पुल्या नावाच्या एकाच प्रांताचे जेवण होते. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे पुल्या. जसे आपल्याकडे कोकणाचे जेवण वेगळे आणि खानदेशाचे वेगळे, तसेच तिथेही आहे.

आम्ही 'ओरेक्किएत्ते' मागवले. या शब्दाचा अर्थ लहान कान. गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावर कणीक मळतात, अंडे घालत नाहीत. छोटा तुकडा सुरीने ओढून अंगठ्यावर उलटला की कानाची पाळी तयार होते. बारी शहराच्या जुन्या गल्लीत बायका आजही दारात बसून ते वळतात. ताटात पालेभाजी, लसूण आणि मिरची होती. मित्राने एक घास घेतला आणि म्हणाले, "अहो, हे तर आपल्या शेंगोळ्यांचे भाऊबंद!"

खरेच आहे. अकोले, संगमनेर, पारनेरकडे हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, मिरची घालून मळतात, हाताने वळतात आणि फोडणीच्या पाण्यात शिजवतात. पास्ता म्हणजे दुसरे काय? आपल्या आयाबहिणी उन्हाळ्यात गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे वळतात, तेही त्याच जातीचे काम. दुसरा पदार्थ होता बाकल्याच्या डाळीचे घट्ट वरण आणि कडसर पालेभाजी. तोही मूळचा शेतमजुराचाच घास.

पुल्यातल्या बहुसंख्य लोकांना पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची जमीन नव्हती. ते जमीनदारांच्या शेतावर राबत. त्यांच्यातूनच जुझेप्पे दि व्हित्तोरियो हा १८९२ साली जन्मलेला शेतमजुराचा मुलगा पुढे इटलीतल्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेचा सरचिटणीस झाला. तिथे असे सांगतात की कापणीनंतर शेतातला पाचोळा जाळला की गरीब लोक राखेतले करपलेले दाणे वेचून दळत. आपल्याकडे सरवा वेचत, तसेच. आज त्याच चवीचे 'जळक्या गव्हाचे' पीठ मोठ्या हॉटेलांत मानाने वाढतात.

आपण काय केले? पाहुणा आला की शेंगोळ्यांचे पातेले झाकून ठेवले आणि दुकानातली पाकिटे फोडली. मुले शाळेच्या डब्यात भाकरी न्यायला लाजतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, तेव्हा कुठे आपली ज्वारी-बाजरी शहाण्यांच्या ताटात गेली. हुलगा कोरडवाहू रानात येतो, त्यात भरपूर प्रथिने आणि लोह असते. हे अन्न हलके नव्हते, ते खाणाऱ्याला हलके लेखले गेले.

आता थोडे बिलाविषयी, कारण आमचा पेशाच आकड्यांचा. बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावले होते. ते सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आम्ही शांतपणे सांगितले, त्यांनी काढून दिले. कुणी ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. खाण्याआधी दरपत्रक नीट पाहावे, न समजलेले नाव विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

वर्षातून एकदा का होईना, घरच्यांना घेऊन चांगल्या हॉटेलात जा आणि मधल्या टेबलावर बसा. आणि या रविवारी घरी शेंगोळे करा. ते वळायला आजीजवळ मुलींना बसवा, मुलांनाही बसवा. प्रमाण वहीत उतरवून घ्या, कारण आजीच्या हातातले मोजमाप कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. वाचकांनी आपापल्या तालुक्यातले असे पदार्थ आम्हाला जरूर लिहून पाठवावेत.