सूचना, याचना आणि विक्री

संगणकावर काम करणाऱ्या माणसाला पडद्याच्या कडेला मधूनच उगवणाऱ्या पट्टीची आता सवय झाली आहे. नवी आवृत्ती आली आहे, ती घ्या. तुमच्या आवृत्तीची देखभाल अमुक महिन्यात बंद होईल. आमचे काम देणग्यांवर चालते, हातभार लावा. अधिक संरक्षण हवे असेल तर नोंदणी करा, असा काहीसा मजकूर तिच्यावर असतो. बहुतेक लोक तो न वाचताच फुलीवर बोट ठेवून मोकळे होतात. दाम मोजून घेतलेल्या मालाबरोबर अशी पट्टी आली तर तक्रार करण्याचा हक्क ग्राहकाला आहे, हे उघड आहे. परंतु ज्या सॉफ्टवेअरची किंमतच कोणी घेतलेली नाही, ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते, त्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने वापरणाऱ्याला थांबवून काही सांगावे काय, आणि सांगायचेच तर कोणत्या शब्दांत, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. नवी मुंबईतील महाविद्यालयांना, तुर्भ्याच्या बाजारातील पेढ्यांना आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखान्यांना तो रोजच्या व्यवहाराचा आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून तर तो अधिकच जवळ आला आहे; कारण ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, ती भंगारात काढायची नसतील तर मुख्यतः लिनक्सचाच मार्ग उरतो.

फुकट वस्तूची डागडुजी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. या चळवळीतील 'मुक्त' हा शब्द स्वातंत्र्याचा वाचक आहे, फुकटेपणाचा नाही, असे स्टॉलमन पहिल्यापासून सांगत आले आहेत. व्यवहारात मात्र लोकांनी त्यातला फुकटपणा तेवढा उचलला. अर्थशास्त्रात ज्यांना सार्वजनिक वस्तू म्हणतात, त्यांची दोन लक्षणे येथे पुरेपूर आढळतात: एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही, आणि वर्गणी न देणाऱ्याला वगळता येत नाही. अशा वस्तूंचा लाभ सर्वांनाच हवा असतो, परंतु खर्च कोणीतरी दुसरा करील असे प्रत्येकाला वाटत असते. त्यातही नवी वस्तू घडविण्याची हौस असणारे लोक सापडतात. जुन्या वस्तूची निगा राखण्याचे निरस काम अंगावर घेणारे विरळा.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. इंटरनेटवरील देवघेव सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्याच्यावर विसंबून होती, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी सुमारे २ हजार डॉलर देणगी मिळत असे, ही गोष्ट तेव्हा अनेकांना प्रथमच कळली. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, 'एक्सझेड' या लहानशा परंतु सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे आढळले. त्या साधनाचा भार एकटाच वाहणारा मूळ कर्ता थकला होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अनोळखी इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून सूत्रे हाती घेतली होती. संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याने पाठपुरावा केला म्हणून अनर्थ टळला. देखभाल करणाऱ्याने अधूनमधून हाक मारली तर ती आगळीक मानायची की नाही, याचा विचार ही दोन उदाहरणे समोर ठेवून करावयास हवा.

तीन हेतू, एक पट्टी

हाक मारण्याला हरकत नाही, असे एकदा मान्य केले तरी प्रश्न संपत नाही. कारण पडद्यावरील या स्मरणपट्ट्यांचे हेतू तीन आहेत आणि ते एकमेकांहून अगदी भिन्न आहेत. पहिला हेतू सूचनेचा: आपल्या यंत्रात अमुक दोष आहे, तो दुरुस्त करून घ्या. येथे हित वापरणाऱ्याचे असते, आणि शेजाऱ्याचेही. कारण रोगट यंत्र आपला रोग जाळ्यातील इतरांना देते. दुसरा हेतू याचनेचा: आम्ही हे काम करीत आहोत, जमल्यास साहाय्य करा. येथे देणे न देणे पूर्णपणे ऐच्छिक असते. तिसरा हेतू विक्रीचा: अधिक सेवा हवी असल्यास आमच्याकडे नोंदणी करा अथवा पैसे भरा. हे तिन्ही हेतू आपापल्या जागी सन्मान्य आहेत. देवळातील दानपेटी, गाभाऱ्याबाहेरचे नारळाचे दुकान आणि 'पायरी निसरडी आहे' ही पाटी या तीन गोष्टींत भाविकाचा कधी घोटाळा होत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र तो होतो. कारण तिघांचा रंग, जागा आणि स्वर सारखाच ठेवलेला असतो.

उबंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कॅनोनिकल या कंपनीने २००४ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने 'उबंटू प्रो' ही योजना पुढे आणली. व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ती विनामूल्य आहे, संस्थांना पैसे भरावे लागतात. त्यानंतर प्रणाली अद्ययावत करण्याची आज्ञा दिली की, अमुक घटकांच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्यासाठी प्रो योजनेत नोंदणी हवी, असा मजकूर घटकांच्या नावांसह पडद्यावर उमटू लागला. वापरणाऱ्यांत मोठी नाराजी पसरली.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ज्या हजारो घटकांसाठी ही योजना आली, त्यांच्या दुरुस्तीची हमी कंपनीने पूर्वीही कधी दिलेली नव्हती; ते काम स्वयंसेवकांच्या सवडीवर चालत असे. म्हणजे कोणाच्या ताटातले काढून घेतले, असे म्हणता येणार नाही. उलट, आपल्या यंत्रात बिनदुरुस्तीचे दोष आहेत हे लोकांना प्रथमच स्पष्ट कळले. तरीही नाराजीला आधार आहे. दोषाची माहिती आणि नोंदणीचे आवाहन एकाच वाक्यात आले, की वाचणाऱ्याला वैद्याच्या निदानात औषधविक्रेत्याचा आवाज ऐकू येतो. तो मग निदानावरचाही विश्वास गमावून बसतो, आणि नुकसान होते ते खऱ्या सूचनेचे.

लक्ष हीही दुर्मीळ वस्तू

माणसाचे लक्ष ही मर्यादित साधनसामग्री आहे. पडद्यावर पट्टी दाखविणाऱ्याला तिचा खर्च जवळजवळ काहीच येत नाही. तो सारा वाचणाऱ्यावर पडतो. ज्या वस्तूची किंमत वापरणाऱ्याला द्यावी लागत नाही, तिची उधळपट्टी होते, हा नियम येथेही लागू पडतो. प्रत्येक प्रकल्पाला आपली एकच पट्टी निरुपद्रवी वाटते. अशा पन्नास पट्ट्या एकत्र झाल्या की लोक सरसकट सगळ्याच बंद करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये 'स्टँडर्ड' या जावास्क्रिप्ट-साधनाने स्थापनेच्या वेळी प्रायोजकाची जाहिरात दाखवून पाहिली. इतका विरोध झाला की तो प्रयोग थोड्याच दिवसांत गुंडाळावा लागला.

सूचनांची प्रतवारी कशी असावी, हे शिकण्यासाठी नवी मुंबईकराला दूर जावे लागत नाही. महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. तिच्यात सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करावयाची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. वाशीतील सिडकोच्या जुन्या वसाहतींतील रहिवाशांना या अक्षरांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उद्या याच यादीत पालिकेने करभरणा सवलतीची जाहिरात आणि एखाद्या निधीसाठी मदतीचे आवाहन छापले, तर सी-१ या अक्षरांचे गांभीर्य किती उरेल?

न्हावा-शेव्याचा धडा

दुर्लक्षित सूचनेची किंमत काय असते, हे या परिसराने अनुभवले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाच्या कंपनीकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. मर्स्क समूहाने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. ज्या मार्गांनी हा उपद्रव पसरला त्यांतील एक विंडोजमधील असा दोष होता, की ज्याची दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झाली होती.

परंतु या घटनेची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव झाला तो युक्रेनमधील एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. ज्यांनी निमूटपणे नवी आवृत्ती घेतली, त्यांच्याच घरात चोर शिरला. यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत नव्हते. पण धडा सर्वांना सारखाच आहे. सूचना ऐकावी हे जितके खरे, तितकेच ती कोणाकडून आली आणि तिच्यात काय आहे हे तपासता आले पाहिजे, हेही खरे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची मोठी शक्ती येथेच आहे: त्यात काय बदलले हे जाणकाराला पाहता येते. एक्सझेडची चोरवाट सापडली तीही त्यामुळेच.

हीच शक्ती स्मरणपट्ट्यांनाही लगाम घालते. पट्टी असह्य झाली तर ती काढून टाकण्याचा, इतकेच काय, संपूर्ण सॉफ्टवेअर घेऊन वेगळी चूल मांडण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो. ओपनऑफिसपासून २०१० मध्ये लिबरऑफिस वेगळे झाले ते याच अधिकाराने. त्याच लिबरऑफिसच्या आगामी आवृत्तीवर जुलै २०२० मध्ये 'पर्सनल एडिशन' असे बिरुद झळकले, तेव्हा शाळा-कचेऱ्यांना हे सॉफ्टवेअर आता वर्ज्य ठरणार काय, अशी शंका निघाली आणि चालकांना ते मागे घ्यावे लागले.

सभ्यपणे मागण्याची रीत अस्तित्वात आहे. केडीई या प्रकल्पाने २०२४ पासून आपल्या प्लाझ्मा या मंचावर वर्षातून एकदाच, डिसेंबरमध्ये, देणगीची विनंती दाखवावयास सुरुवात केली. ती कायमची बंदही करता येते. थंडरबर्ड या टपाल-सॉफ्टवेअरने थेट वापरणाऱ्यांपुढे आपली स्थिती मांडली आणि २०२२ मध्ये त्याला सुमारे ६४ लाख डॉलर मिळाले; आदल्या वर्षी हा आकडा २८ लाखांच्या आसपास होता. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीची सूचना प्रणालीच्या व्यवस्थापकाला दाखविते, हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला नाही. आणि ती बंद करण्याची सोयही ठेवते. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याच कानावर गोष्ट घालावी, हा साधा शिष्टाचार यात पाळला गेला आहे.

हिशेबात नसलेला खर्च

दोष केवळ पट्टी दाखविणाऱ्यांकडे आहे असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. आपल्या शिक्षणसंस्थांच्या आणि कचेऱ्यांच्या हिशेबाची घडणच अशी आहे, की जिचे बिल नाही ती वस्तू अस्तित्वात नाही. संगणक खरेदीला तरतूद असते, यंत्रांच्या वार्षिक देखभाल-कराराला असते; फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी खर्चाचे शीर्षकच नसते. मग देणगीची पट्टी पाहून एखाद्या प्राध्यापकाला वाटले, तरी तो कोणत्या खात्यातून पैसे देणार? केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण जाहीर केले. सॉफ्टवेअरची निवड करताना त्याच्या संपूर्ण आयुष्यातील खर्चाचा आणि साहाय्याच्या गरजेचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. हा विचार निवडीपाशीच थांबू नये. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या निगराणीसाठी सार्वजनिक निधी उभारला. आपल्याकडे झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. राज्य शासनाने, विद्यापीठांनी आणि महापालिकांनी असा विचार का करू नये?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी निक्षेप निधीत आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करण्याची तरतूद आहे. लिफ्ट आज चालते आहे, म्हणून वर्गणी देणार नाही, असे म्हणणाऱ्या सभासदाला संस्था जुमानत नाही. महाविद्यालयांनी संगणक विभागाच्या खर्चाचा असाच एक अल्प हिस्सा आपण वापरत असलेल्या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी राखून ठेवावा. पैसा नसेल तेथे विद्यार्थ्यांकरवी मराठी भाषांतर, दोषांची नोंद, मार्गदर्शक पुस्तिका या रूपाने तो द्यावा. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतही आणून असे काम करता येते हे दाखविले आहे.

सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांनी सूचना, याचना आणि विक्री यांच्या पाट्या वेगळ्या लावाव्यात. वापरणाऱ्यांनी आपल्या अंदाजपत्रकात देखभालीचा रकाना उघडावा. देणाऱ्याला कोठे द्यायचे आणि किती द्यायचे हे वर्षारंभीच ठरविता आले, तर मागणाऱ्याला वर्षभर दार ठोठावत बसण्याचे कारण उरणार नाही, आणि खरोखरच आग लागेल तेव्हा मारलेली हाक ऐकू येईल.