नाव ठेवताना

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे बाळाला नाव देणे. पण 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. फरक फक्त एका मात्रेचा, आणि अर्थ कुठल्या कुठे गेला! ज्या घरात बाळाचे नाव ठेवायचे असते, त्या घरात पुष्कळदा एकमेकांच्या निवडीला नावेही ठेवली जातात.

विद्यार्थी मित्रांनो, असा प्रसंग तुम्ही आपल्या घरी पाहिला असेल. मराठी घरांत बाराव्या दिवशी बारसे करतात आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तुमच्याकडे सातव्या दिवशी अकीका करण्याची रीत आहे. तो दिवस जवळ आला, की घरात चर्चा सुरू होते. समजा, दादीजानला ओळखीचे, जुने नाव हवे आहे. अम्मीला मात्र गल्लीत दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव हवे आहे. तिने 'इब्तिसाम' हे नाव शोधले आहे. इब्तिसाम म्हणजे स्मितहास्य. किती गोड अर्थ! तेवढ्यात फूफी विचारते, "पण हे लोकांना म्हणता येईल का?"

फूफीचा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही.

कोणतेही नाव मुळात अवघड नसते. त्यातल्या ध्वनींची ज्या जिभेला सवय नसते, तिला ते अवघड जाते. आपले माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचे पूर्ण नाव पाहा : अवुल पकीर जैनुलाबदीन अब्दुल कलाम. त्यांचा जन्म १९३१ साली तमिळनाडूतील रामेश्वर येथे झाला. 'फ़' आणि 'ज़' हे ध्वनी तमिळ भाषेचे मूळचे नव्हेत. म्हणून 'फ़क़ीर'चे झाले 'पकीर', आणि 'ज़ैनुल आबिदीन'चे झाले 'जैनुलाबदीन'. ही नावे तशीच कागदांवर चढली आणि २००२ मध्ये राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचली. त्यांत कोणाला काही कमी वाटले नाही. तमिळ जिभेने ती नावे आपल्या सोयीने घडवून घेतली, एवढेच.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. हिंदीच्या पुस्तकात काही अक्षरांच्या खाली टिंब दिलेले तुम्ही पाहिले असेल. त्याला नुक्ता म्हणतात. मराठी वर्णमालेत नुक्ता नाही. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोए अशी चार अक्षरे आहेत. ज़ाकिर, ज़ुबैर, ज़मीर आणि ज़फ़र ही चार नावे त्या चार निरनिराळ्या अक्षरांनी सुरू होतात. बोलताना चारही ध्वनी सारखेच. मराठीत हा ध्वनी लिहायचा, तर कोणी 'ज' लिहितो, कोणी 'झ'. वर्तमानपत्रांत 'झाकीर हुसेन' असे छापतात, ते तुम्ही वाचले असेल.

यात आणखी एक गंमत आहे. मराठीत 'ज' एकच लिहितात, पण त्याचे उच्चार दोन होतात. 'जन्म', 'जग', 'जीवन' यांतला ज वेगळा आणि 'जमीन', 'जोर', 'बाजार' यांतला ज वेगळा. मोठ्याने म्हणून पाहा. दुसरा ज तुमच्या 'ज़'च्या बराच जवळ जातो. आता 'जलील' हे नाव घ्या. जलील म्हणजे थोर, प्रतिष्ठित. वाचणाऱ्याने हा ज 'जमीन'मधल्यासारखा म्हटला, तर तुमच्या कानांना ऐकू येईल 'ज़लील', म्हणजे अपमानित, हलका. वाचणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्याच्यापुढे एकच अक्षर आहे आणि दोन उच्चार आहेत. तरीही वर्गात असे नाव पुकारले गेले आणि मागच्या बाकावर हशा पिकला, तर त्या मुलाला काय वाटेल?

'क़मर'चेही तसेच. उर्दूत मोठ्या क़ाफ़ने लिहिले, तर त्याचा अर्थ चंद्र. मराठीत क़ाफ़ नाही, म्हणून 'कमर' असे लिहावे लागते, आणि मराठीत कमर म्हणजे कंबर! चंद्राची कंबर झाली.

पण केवळ मराठी माणसाचीच जीभ अडते असे समजू नका. उर्दूत 'ळ' नाही आणि 'ण'ही नाही. 'बाळ' हा शब्द उर्दूत लिहिला, की तो 'बाल' होतो, आणि बाल म्हणजे केस. 'टिळक' लिहिताना ळचा ल करावाच लागतो. 'सुमन' हे नाव जबर, जेर, पेश न देता लिहिले, तर वाचणारा 'समन' वाचू शकतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव हिंदीच्या सवयीने आपण 'ग्यानेश्वर' म्हणतो. मराठी माणूस 'द्न्यानेश्वर' म्हणतो. तुमच्या शेजारच्या ज्ञानेश्वराला तुम्ही कसे हाक मारता, हे त्यालाच विचारून पाहा. तो कदाचित इतकी वर्षे काही न बोलता ऐकून घेत असेल.

उच्चार चुकला, तर दोन-चार वेळा सांगून सुधारता येतो. लिहिताना चूक झाली, तर ती लवकर सुटत नाही. ज़ुबैर हे नाव मराठीत जुबेर, जुबैर, झुबेर आणि झुबैर असे चार तऱ्हांनी लिहिता येते. रोमन लिपीत ते 'झेड'ने सुरू करावे की 'जे'ने, हा आणखी एक प्रश्न. जन्मदाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि शाळेच्या रजिस्टरात तिसरे असे झाले, तर पुढे शिष्यवृत्ती, पासपोर्ट किंवा नोकरीच्या वेळी 'हे तिघे एकच आहेत' हे सिद्ध करण्यासाठी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखल्याला फारच महत्त्व आले आहे. शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांसाठी जन्मतारखेचा तोच पुरावा मानला जातो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नावही लिहितात. म्हणजे अम्मीच्या नावाचे स्पेलिंगही नीट ठरवायला हवे.

एक दिलाशाची गोष्ट अशी, की घाई करण्याचे कारण नसते. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते हे खरे. पण त्या वेळी नाव ठरलेले नसेल, तर नोंद नावाशिवायही होते. पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. अर्थात पंधरा वर्षे कोणी थांबू नये! पण आठ-पंधरा दिवस थांबून, निवडलेले नाव उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत कागदावर लिहून पाहायला काय हरकत आहे? तो कागद शेजारच्या मराठी काकूंना द्या आणि काही न सांगता वाचायला सांगा. काकूंनी 'इब्तिसाम' नीट वाचले, तर फूफीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. 'इप्तीसाम' वाचले, तरी फारसे बिघडले नाही. अर्थ हरवला नाही, अपमानही झाला नाही. दुसऱ्यांदा त्या बरोबर म्हणतील. वाचल्यावर भलताच अर्थ निघत असेल, तर मात्र घरातल्यांनी पुन्हा एकदा बसून बोलावे. माझे मत विचाराल, तर केवळ एका कारकुनाची लेखणी अडखळते म्हणून चांगल्या अर्थाचे नाव सोडून देऊ नये. मात्र तीन अवघड ध्वनी एकाच नावात कोंबण्याची हौसही बरी नव्हे. ते नाव आईबापांना एकदाच ठेवायचे असते. बाळाला ते जन्मभर लोकांना समजावून सांगायचे असते.

आणि तुमचे स्वतःचे नाव? ते तर ठेवून झाले. पण शाळेच्या रजिस्टरात ते कसे लिहिले आहे, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? शाळा सोडल्यानंतर तिथली दुरुस्ती फार कठीण होते. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भराल, तेव्हा तुमचे, अम्मीचे आणि अब्बांचे नाव अक्षर न् अक्षर वाचा. ज आहे की झ, वेलांटी पहिली आहे की दुसरी, हे जन्मदाखल्याशी ताडून पाहा. फरक दिसला, तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना सांगा आणि मगच अर्जावर सही करा.