घोडा घरी आणताना

आषाढीच्या वारीकरिता अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आळंदीपर्यंत पायी चालत जातात, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या बाजारात घेतलेला घोडा आता बहुधा मालमोटारीनेच नव्या घरी जातो. आणि सोलापूरपर्यंतच्या त्या शंभरएक किलोमीटरांच्या वाटेत चांगल्या जनावराचा पाय कायमचा जायबंदी होऊ शकतो.

दोष बहुधा घाईचा असतो. सौदा ठरला की त्याच सायंकाळी चौघे मागून रेटतात, पाचवा मोरकी ओढतो. पुढे ओढले की मान वर करून मागे झेप घेणे हा तर घोड्याचा स्वभावच! म्हणून सौदा झाला तरी जनावर चार दिवस तेथेच दावणीस राहू द्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. पहिल्या दिवशी फाळक्यावर दोन पावले, दुसऱ्या दिवशी हौद्यातच तोबरा. मागे उतरणेही शिकवावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. याच दिवसांत पाण्यात थोडा गूळ कालवावा. म्हणजे परक्या गावचे पाणी तो नाकारणार नाही.

प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी १९७८ साली झालेले नियम या कामी मोठे शहाणपणाचे आहेत. पशुवैद्याचा दाखला हवा. तळ निसरडा नसावा. दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू असावेत. समोरून येणाऱ्या वाहनांनी बुजू नयेत म्हणून तोंडे डावीकडे असावीत. एका गाडीत चार ते सहांहून अधिक घोडे नकोत, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरांवर नको. या वेगाने तीन-साडेतीन तास लागतील, लागू द्यावेत. मालकाच्या घाईपेक्षा जनावराचे गुडघे मोलाचे आहेत.

दोर मात्र फार आखूड बांधू नये. घोड्यास मान खाली घालता आली नाही, तर श्वासमार्गातील धूळ व कफ बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासात फुफ्फुसांस सूज येते. चढवताना मागचा अडसर आधी लावावा, मग मोरकी बांधावी. उतरवताना याच्या उलट, मोरकी आधी सोडावी व फाळका मागाहून उघडावा; कारण मागची वाट मोकळी दिसताच बांधलेला घोडा मागे ओढ घेतो आणि घसरून पडतो.