तापलेल्या एंजिनाचा जमाखर्च

वखारीतील थप्पीत ऊब धरली, तर अनुभवी व्यापारी एकदम पोती फेकीत नाही. ओल कोठून शिरली, याचा तो प्रथम शोध घेतो. धान्याच्या व्यवहारात हा नियम आम्ही चाळीस वर्षे पाळला. परंतु स्वतःच्या मोटारीस तो लावण्याचे आम्हांस सुचले नाही. त्याची किंमत आमच्या खिशाने थोडी व आमच्या चालकाच्या हाताने फार दिली. अनेक सभासदबंधूंच्या घरी वडिलार्जित गाड्या आजही जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात, म्हणून ही हकीकत येथे सादर करीत आहोत.

आमची अँबॅसडर १९७८ सालची, तीर्थरूपांनी घेतलेली. मूळचे १,४८९ घनसेंटिमीटरचे एंजिन झिजल्यावर, परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन आम्ही २०११ साली तीत १.८ लिटरचे इसुझू एंजिन बसविले. पुढे वृद्ध मातोश्रींच्या सोयीसाठी वातानुकूलन यंत्र आले. त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे बसली. आणि जागा पुरेना म्हणून एंजिनावर फिरणारा पंखा निघून विजेचा पंखा लागला. हे सर्व होत असता आम्ही कौतुकाने पाहत होतो.

२०१९ च्या मे महिन्यात गोव्याहून बेळगावास परतताना चोर्ला घाटात काटा तांबड्या रेषेस भिडला. मातोश्री गाडीत, ऊन माथ्यावर. आम्ही उतावीळपणे चालकास रेडिएटरचे टोपण उघडण्यास सांगितले. तो म्हणाला, "अण्णा, जरा निवू द्या." आम्ही ऐकले नाही. फडके धरून त्याने टोपण फिरविले मात्र, आणि उकळत्या पाण्याचा लोट त्याच्या हातावर कोपरापर्यंत आला.

असे का घडते, हे आम्हांस नंतर उमगले. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. येथे उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांच्या थोडे आधीच उकळते. रेडिएटरचे टोपण आत दाब राखते, म्हणून तेथील पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल होताच दाब उतरतो आणि तेच पाणी क्षणार्धात वाफ होऊन उसळते.

त्यानंतर गाडीने तीन कारखाने पाहिले. एकाने थर्मोस्टॅट काढून फेकला. दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. तिसऱ्याने रेडिएटर उघडून साफ केला. बिले चुकती झाली. घाटातील ताप कायम राहिला. गाडी विकावी, असे चिरंजीव म्हणू लागले.

अखेर एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यारास हात न लावता विचारले, "तापते केव्हा?" आम्ही सांगितले, की सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने काही होत नाही, घाटात व बाजारातील गर्दीत काटा चढतो. ते म्हणाले, "मग पाणी फिरते आहे. वारा पाहू."

तत्त्व वहीखात्यासारखेच आहे. जळणाऱ्या इंधनाची स्थूलमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्याच्या खाती जमा होते. ती वाऱ्याच्या खाती खर्ची पडली नाही, तर शिल्लक वाढत जाते. वेगात गाडीस वारा आपोआप मिळतो. मंद गतीत सारा भार पंख्यावर.

मिस्त्रींनी क्रमाने पाहिले. पाण्यात बुडबुडे नव्हते आणि तेल दुधाळ झालेले नव्हते. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. दुरून उष्णता मोजणारे यंत्र त्यांनी जाळीवर सर्वत्र फिरविले. कोठेही थंड पट्टा नव्हता, म्हणजे नळ्या तुंबलेल्या नव्हत्या. मग पंखा चालू करून त्यांनी पुढील जाळीशी वर्तमानपत्राचा कागद धरला. तो जाळीस चिकटावयाचा. तो उडून त्यांच्या अंगावर आला. पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या! तो वारा आत ओढण्याऐवजी बाहेर लोटीत होता आणि घाटातील तुटपुंज्या वाऱ्याशीच झुंजत होता.

तेव्हा मागे उभा असलेला चालक हळूच म्हणाला, "मी मागेच सांगितले होते, गाडीपुढे उभे राहिले की गरम वारा तोंडावर येतो." खरेच सांगितले होते. आम्हीच "तू गाडी चालव" म्हणून त्यास गप्प केले होते.

तारा बदलण्यास पाच मिनिटे लागली. वारा पूर्ण जाळीतून ओढला जावा म्हणून पंख्याभोवती पत्र्याचे वेष्टन केले. थर्मोस्टॅट पुन्हा बसविला. कारण त्याविना एंजिन योग्य उष्णतेस उशिरा पोहोचते, इंधन अधिक खाते व झिजते. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी शुद्ध पाणी व कूलंट भरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चोर्ला घाट चढताना काटा मध्यावरून हलला नाही.

सभासदबंधूंस आमचे सांगणे इतकेच. काटा चढताच गाडी बाजूस घ्यावी, वातानुकूलन बंद करावे आणि एंजिन पूर्ण निवेपर्यंत टोपणास हात लावू नये. दुरुस्तीस जाताना "काय बदलू?" असे न विचारता, केव्हा तापते व त्यापूर्वी गाडीत काय बदलले, हे सांगावे. बदल केलेल्या गाडीत दोष बहुधा बदलाच्या सांध्यातच दडलेला असतो.

चालकाच्या हातावरील डाग अद्याप गेलेला नाही. आम्ही त्याची क्षमा मागितली, तो हसला. मात्र तेव्हापासून पेढीवरील हमालापासून दिवाणजीपर्यंत कोणीही काही सांगू लागला, की आम्ही लेखणी खाली ठेवून ऐकतो.